राग सोडायचा, मग धरायचे काय?

पापनिवेदनाला जाताना आपल्यापैकी बहुतेकांची यादी ठरलेली असते. राग येतो, खोटे बोलतो, शेजाऱ्यांविषयी वाईट बोलतो. नाताळच्या आधी हेच सांगितले, पुनरुत्थानाच्या सणाआधीही हेच. फादर प्रायश्चित्त देतात, आपण प्रार्थना म्हणून घरी येतो आणि संध्याकाळी नळाच्या पाण्यावरून किंवा मुलांच्या मार्कांवरून पुन्हा आवाज चढतो. असे का व्हावे?

आपण काय सोडायचे एवढेच ठरवतो. त्या जागी काय धरायचे, हे ठरवत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात (12:43-45) प्रभू येशूने रिकाम्या घराचा दाखला दिला आहे. अशुद्ध आत्मा निघून गेलेला असतो, घर झाडलेले आणि सजवलेले असते, पण आत कोणीच राहत नसते. तो आत्मा परत येतो, तेही आपल्याहून वाईट अशा सात जणांना घेऊन. संत पौल कलस्सैकरांना (3:8-12) कपड्यांच्या भाषेत सांगतो की, जुने उतरवा आणि करुणा, सौम्यता, सहनशीलता अंगावर घाला. जुने कपडे उतरवून कोणी तसाच बाहेर पडत नाही!

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील देहाच्या कर्मांची यादी (5:19-21) वाचताना आपली नजर जारकर्म, मद्यपान अशा शब्दांवर जाते आणि 'ते काही आपल्यात नाही' म्हणून आपण निश्चिंत होतो. पण त्या यादीतील निम्मी तरी नावे वैर, कलह, मत्सर, राग, तट अशी आहेत. बांधाच्या वादावरून दहा-दहा वर्षे न बोलणारे सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात आणि एकमेकांना शांती देण्याच्या वेळी दुसऱ्याच बाकाकडे वळतात. पौलाने हे दुखणे त्याच यादीत घातले आहे.

जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स (1567-1622) स्वभावाने तापट होते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांची सौम्यता. 1609 साली त्यांचे भक्तिमय जीवनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी मठवासीयांसाठी नव्हे, तर संसारी माणसांसाठी लिहिले होते. रागाविषयी त्यांचा सल्ला अगदी व्यवहारी आहे. आपण रागाने वागलो हे ध्यानात येताच त्याच माणसाशी, लगेच, सौम्यतेची एखादी कृती करायची. खोटे बोलल्यावर तिथेच ते मागे घेणे हा जसा उपाय, तसाच हा. जखम ताजी असते तेव्हाच ती लवकर भरते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे सासूबाईंना तोडून बोललो, तर चहाचा कप आपल्या हाताने त्यांनाच नेऊन द्यायचा. देवळात मेणबत्ती लावून ते भागत नाही. आणि आपण रागावलो म्हणून पुन्हा स्वतःवरच चिडत बसायचे नाही, असेही ते बजावतात. आपल्यातल्या पुष्कळ भाविकांना हेच जास्त कठीण जाईल.

एकदम सगळे दोष काढायला निघालो तर एकही निघत नाही. संत इग्नेशिअस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला 1548 साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्यात एकच दोष निवडायला सांगितले आहे. सकाळी उठताच त्याविषयी निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तपासणी करायची आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके वहीतल्या रेघेवर काढायचे. आजची रेघ कालच्या रेघेशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. नोकरीवाल्यांना दुपारी जमले नाही, तर परतीच्या लोकलमध्ये करता येईल, अर्थात उभे राहायला जागा मिळाली तर.

त्यात आपण एक भर घालू या. ज्या ठिपक्याची भरपाई फ्रान्सिस यांच्या सल्ल्याप्रमाणे केली, त्याच्या शेजारी छोटा क्रूस काढायचा. पहिल्या आठवड्यात ठिपकेच फार दिसतील, कारण आजवर आपण मोजतच नव्हतो. पुढच्या पापनिवेदनाआधी ही पाने चाळावीत. 'राग येतो' एवढेच न म्हणता किती वेळा, कशावरून आणि मग आपण काय केले, हे फादरांना सांगता येईल.