न दिसणारा वायू : परिसर अभ्यासाचा एक पाठ

चुलीतील विस्तव डोळ्यांना दिसतो. तो विझला की नाही, हे राखेवर हात धरून घरातील आजीही सांगू शकते. हे ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आले. परंतु २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेड्यांतील पुष्कळ घरांत गॅस प्रथमच आला आणि त्याची शिस्त शिकवणारे वडीलधारे माणूस घरात नव्हते. ही उणीव शाळेने भरून काढावी.

प्रयोग : हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, मुलांस दूर बसवावे. पसरट भांड्यात मेणबत्तीचा लहान तुकडा लावून ठेवावा. उंच पेल्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यावर लिंबाचा रस पिळावा. फेस बसल्यावर पेला ज्योतीवर हलकेच कलता करावा. रस मात्र सांडू देऊ नये. काहीही पडताना दिसत नाही, तरी ज्योत विझते. पेल्यातील कार्बन डायऑक्साइड वायू हवेहून जड असल्याने पाण्याप्रमाणे खाली ओतला जातो, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

विवेचन : स्वयंपाकाचा गॅसही हवेहून जड, सुमारे दीडपट ते दुप्पट असतो. तो गळला तर जमिनीलगत पसरतो व कोपऱ्यांत, मोरीत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. भेद इतकाच की, पेल्यातील वायूने ज्योत विझली. हा वायू ठिणगीने भडकतो. येथे मुलांस विचारावे, “घरातील चूल कोठे असते?” उत्तर येईल, “जमिनीवर.” गॅसही जमिनीवरूनच वाहतो. एकाच खोलीत चूल पेटलेली व सिलिंडर गळका, ही स्थिती किती भयंकर, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

पाठांतर : वास येताच काडी ओढू नये. विजेचे बटण लावू नये व बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. मुलांनी मोठ्यांस हाक मारून बाहेर पडावे. मोठ्यांनी शेगडीची व रेग्युलेटरची कळ बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. आग लागल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा.

स्वाध्याय : मुलांनी घरातील सिलिंडर, शेगडी, चूल व देवापुढील समई यांच्या जागा दाखविणारा नकाशा काढून आणावा. सिलिंडर उभा आहे का, शेगडी त्याच्याहून उंचावर आहे का, हेही पाहावे. ज्यांचे घर एकाच खोलीचे आहे, त्यांना वर्गात खाली पाहावयास लागेल असे काही बोलू नये. अशा घरी चूल व शेगडी एकाच वेळी पेटवू नये आणि रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा, इतका निरोप मुलाच्या मुखी दिला तरी पाठाचे सार्थक झाले.