दोन दिवसांत समुपदेशक घडतो का?

प्रश्न : माझी धाकटी जाऊ आशा सेविका आहे. दारूच्या आहारी गेलेल्यांशी कसं बोलावं, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तिला मिळणार आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाला हे काम जमतं का? आणि दोन दिवस पुरतात का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : जमतं. दोन दिवस मात्र पुरत नाहीत.

जमतं याचा पुरावा तुमच्या शेजारी, गोव्यातच आहे. 'संगाथ' संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्रत्येकाच्या जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी विचारलं, तेव्हा आधीचे चौदा दिवस दारूला न शिवलेले त्यांच्या गटात ४२ टक्के निघाले, या बैठका न मिळालेल्या दुसऱ्या गटात १८ टक्के. जे पीतच राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र घटलं नाही, हेही सांगायला हवं.

या समुपदेशकांची खरी तयारी वर्ग संपल्यावर झाली. कित्येक महिने उमेदवारी, बैठकांचं ध्वनिमुद्रण आणि ते सहकाऱ्यांसोबत ऐकून एकमेकांना गुण देणं. मला यातलं ऐकणं सर्वांत मोलाचं वाटतं. समजा, कुणी म्हणालं, "सगळेच पितात, माझ्याच मागे का लागता?" आपल्या तोंडून लगेच निघतं, "अहो, लिव्हर जाईल!" तो गप्प होतो, बैठक तिथेच संपते. शिकलेली ताई म्हणते, "उगाच तुम्हालाच धरलंय, असं वाटतं तुम्हाला." मग तोच थोड्या वेळाने बोलतो, "तसं नाही, पण गेल्या महिन्यात पगार घरी पोचलाच नाही." बदलाचं कारण त्याच्याच तोंडून यावं लागतं. उपदेशाची जीभ आवरणं पुस्तक वाचून येत नाही.

उपदेश न करता ऐकून घेण्याची ही पद्धत रुजवणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी स्वतःच्याच कार्यशाळेची परीक्षा घेतली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष बोचरा होता : आपण खूप सुधारलो असं शिकणाऱ्यांना वाटत होतं, ध्वनिमुद्रणात मात्र जुन्या सवयी तशाच ऐकू येत होत्या आणि समोरच्या माणसांच्या बोलण्यात फारसा फरक पडला नव्हता. पुढच्या अभ्यासात कार्यशाळेनंतर प्रत्यक्ष कामावर अभिप्राय आणि मार्गदर्शन दिलं, तेव्हा कौशल्य टिकलं.

म्हणून जाऊबाईंना आयोजकांना एवढं विचारायला सांगा : दोन दिवसांनंतर माझ्या बैठका कोण ऐकणार, आणि किती महिने? (ध्वनिमुद्रण अर्थातच रुग्णाच्या संमतीने.) उत्तर मिळालं नाही, तर दोन-चार सेविकांनी मिळून दर आठवड्याला एकत्र बसायची मागणी करावी.

गोव्याच्या अभ्यासात दारूवर पूर्ण अवलंबून झालेले रुग्ण घेतले नव्हते, हेही तिला सांगा. दारू थांबवताच ज्याचे हात थरथरतात, ज्याला भास होतात किंवा झटके येतात, त्याला बैठकीला न बसवता तडक डॉक्टरकडे न्यायचं. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद करा" असंही परस्पर सांगू नये. त्याला जिवाचा धोका असतो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. तो क्रमांक तिच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.