जवाची भाकरी व नाचणीची भाकरी



आहाराचा धडा आपण आरोग्यशास्त्राच्या तासाला शिकतो व दयेचा धडा शास्त्रपाठाच्या वेळी. दोन पुस्तके निराळी, दोन तास निराळे. त्यामुळे या दोन विषयांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा आपल्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते. तो संबंध मला एका विद्यार्थ्याच्या डब्याने शिकविला, आणि तो शिकताना मला स्वतःची चूक पदरी घ्यावी लागली. ती हकीकत प्रथम सांगतो.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. इयत्ता सातवीतील एक मुलगा कुणकेश्वराकडील एका वाडीतून शाळेस येत असे. घरची माणसे रापणीवर जाणारी. मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यात बहुधा नाचणीची भाकरी व सुक्या मासळीची चटणी असावयाची. एके दिवशी शेजारच्या मुलाने त्या डब्यात डोकावून भाकरीच्या रंगावरून काही थट्टा केली व पाचसहा मुले हसली. मी त्या वेळी व्हरांड्यातून चाललो होतो. शब्द माझ्या कानांवर पडले. परंतु "पोरांचा खेळ आहे" असे मनाशी म्हणून मी पुढे गेलो.

त्यानंतर त्या मुलाच्या डब्यात बिस्किटांचा पुडा दिसू लागला. पुढे पुढे डबाच दिसेना. दुपारच्या तासाला तो पेंगू लागला. मी त्याला दोनदा उभे केले. तिसऱ्या वेळी मात्र मनाला काही खटकले व सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. आजी अंगणात होती. ती म्हणाली, भाकरी रोज दिली जाते, पण पोर ती वाटेत कावळ्यांना घालते असे शेजारणीने पाहिले आहे. मग माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "गुरुजीनू, आमी ह्याच खावन ल्हानाचे मोठे झालंव, आता ह्याची लाज कित्याक?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. मी पेंगणाऱ्यास शिक्षा केली होती. परंतु ज्या हसण्यामुळे तो उपाशी राहिला त्या हसण्याला मी काहीच बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्याची क्षमा मागितली.

त्या भाकरीत काय होते?

आता आरोग्यशास्त्राकडे वळू. ज्या भाकरीची थट्टा झाली तिची योग्यता किती? १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडे व दात ज्याने घडतात ते हे द्रव्य. तितक्याच सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते सुमारे १० मिलिग्रॅमच भरते. नाचणीचे पीठ कोंड्यासकट वापरले जात असल्यामुळे तिच्यातील चोथाही पोटात जातो. भूक लवकर लागत नाही व कोठा साफ राहतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्या भरड धान्यांत आपली नाचणी आहे. तिच्या जागी आलेल्या बिस्किटांत मुख्यत्वेकरून मैदा, साखर व तेल. जीभ सुखावते, वाढत्या हाडांना मात्र त्यातून फारसे काही मिळत नाही.

आपल्या किनाऱ्यावरील जुन्या जेवणात अशा पुष्कळ गोष्टी आहेत. उकडा तांदूळ घ्या. भात सालीसकट उकडून वाळविला म्हणजे कोंड्यातील 'ब' जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्याच्या आत उतरतो व मागाहून कांडले तरी तो टिकून राहतो. साधा तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडला की हे सत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते. केवळ अशा तांदळावर राहणाऱ्यांना बेरीबेरी नावाचा रोग होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन नावाच्या डच वैद्याने कोंबड्यांना सडलेला तांदूळ घालून पाहिले, तेव्हा या रोगाच्या उगमाचा माग लागला. त्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या आजीची उकड्या तांदळाची पेज या शोधाच्या कितीतरी आधीपासून चुलीवर शिजत होती.

कुळथात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. बांगडा व तारली ही स्वस्त मासळी प्रथिनांबरोबर हृदयाला हितकर अशी स्निग्ध द्रव्ये देते. पावसाळ्यात कुंपणाकडेला उगवणारा टाकळा, परसातील शेवग्याचा पाला व अळू यांना तर पैसाही पडत नाही. हे सारे सांगण्याचा हेतू एवढाच की, ज्याला आपण गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडतो ते पुष्कळदा शहाण्याचे अन्न असते.

शुभवर्तमानातील मुलगा

आता शास्त्रपाठाकडे येऊ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांच्या भोजनाची कथा आहे. तीतील मुलाजवळ पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु त्या भाकरी कशाच्या होत्या? योहान मुद्दाम सांगतो की त्या जवाच्या होत्या. त्या देशात गहू हे सुखवस्तूंचे धान्य व जव हे गरिबांचे. म्हणजे आपल्याकडे जी नाचणी, तोच तेथे जव. तो डबा उघडला गेला तेव्हा प्रभू हसला नाही. त्याने ती भाकरी हाती घेतली, उपकारस्तुती केली व तीच सर्वांना वाढविली. सर्व तृप्त झाल्यावर काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करविले. त्यांच्या बारा टोपल्या भरल्या. अन्नाचा मान व अन्न आणणाऱ्याचा मान ही दोन्ही त्या एका कृतीत आली.

मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराच्या बारा वर्षांच्या मुलीस प्रभूने उठविले. एवढा मोठा चमत्कार झाला, घरची माणसे थक्क होऊन उभी राहिली. त्या क्षणी प्रभूने काय सांगितले? मुलीला काही खावयास द्या. सर्वांचे लक्ष चमत्काराकडे होते. प्रभूचे लक्ष लेकराच्या पोटाकडे होते.

उलट बाजूचा धडाही पवित्र शास्त्रात आहे. करिंथ येथील मंडळी एकत्र भोजनास जमे, तेव्हा काही जण आपापले आणलेले आधीच खाऊन घेत व गरीब भुकेले राहत. पौलाने त्यांची कानउघाडणी केली. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजविता, हा त्याच्या बोलण्यातील मुख्य ठपका होता. आमच्या शाळेचा व्हरांडा त्या दिवशी करिंथ झाला होता, आणि तेथे पौलाचे काम करावयाचे ते मी केले नाही.

जामखेडचे उदाहरण

कोणी म्हणेल, या साऱ्या जुन्या काळच्या गोष्टी. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एक अलीकडील उदाहरण देतो. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९७० साली ते त्या वेळच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी गावी गेले. शहरात मोठी वैद्यकी करता आली असती. परंतु त्यांनी गरिबांत राहणे पत्करले. त्यांच्या ध्यानात आले की बहुतेक आजारांचे मूळ उपासमार, घाण पाणी व एकमेकांपासून दूर राहणारी मने यांत आहे. मग केवळ औषधे देऊन काय होणार?

त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती; कित्येकजणी ज्यांना समाज अस्पृश्य म्हणे अशा घरांतील होत्या. ज्या स्त्रीच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, तिच्याच सल्ल्याने पुढे गावातील लेकरे न्हाऊमाखू लागली व पोटभर जेवू लागली. पाण्याचे हातपंप त्यांनी दलित वस्त्यांत घेण्याची दक्षता घेतली; मग उरलेल्या गावाला पाण्यासाठी तेथे यावे लागले. दया ही नुसती मनातील भावना न राहता विहिरीची जागा ठरवू लागली!

फळ काय मिळाले? १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ पहिल्या वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या दशकात ती संख्या ३० च्या खाली आली. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. परंतु त्यांचे खरे पारितोषिक म्हणजे जगलेली लेकरे.

आपल्या घरचे ताट

पालक बंधुभगिनींनो, येथे दोन शब्द आपणांसाठी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुजी आढळली. आणि पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पांढुरकी, म्हणजे रक्तक्षय, आढळला. याची कारणे अनेक आहेत. पण एक कारण आपल्याच स्वयंपाकघरात बसलेले असते. घरातील माता सर्वांना वाढून मागाहून उरलेसुरले खाते. मासळीचा तुकडा कोणाच्या ताटात पडला व तिच्या ताटात काय आले, हे आपण कधी पाहिले आहे काय? दयेची पहिली शाळा तेथे आहे. शेजारधर्माविषयी आपण कितीही बोललो, तरी आपली सर्वांत जवळची शेजारीण चुलीपाशी बसलेली असते.

आता या धड्यातून घ्यावयाचे नियम थोडक्यात देतो :

१. रोजच्या जेवणात धान्याबरोबर कडधान्य किंवा मासळी, एक पालेभाजी व मिळेल ते हंगामी फळ असावे. आठवड्यातून दोनतीन वेळा तरी नाचणी व्हावी.

२. जेवणावर लागलीच चहा घेऊ नये. तो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, आवळा किंवा पेरू यांनी ते अधिक लागते.

३. मीठ दिवसाकाठी माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे व खारी मासळी यांतील मीठही या हिशेबात धरावे.

४. यात्रेचे खाजे यात्रेत आनंदाने खावे. सणाचा गोडवा पाप नव्हे. परंतु रोजच सण करू नये.

५. दुसऱ्याच्या डब्याला नाव ठेवू नये. कोणाला मासळीचा वास सोसत नसेल, कोणी व्रतस्थ असेल, कोणाकडे नुसता भात असेल; प्रत्येकाच्या डब्यामागे कोणाचे तरी पहाटेचे कष्ट आहेत.

६. एकटा बसून जेवणाऱ्यास आपल्या पंक्तीस बोलवावे. देण्याची वेळ आली तर चारचौघांत दिल्याचे दाखवू नये.

७. आज आई काय जेवली, हे रोज एकदा विचारावे.

शेवट

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. तो पुन्हा भाकरी आणू लागला आहे. ज्याने थट्टा केली होती तो आता त्याच्या शेजारी बसून त्या भाकरीचा तुकडा मागून घेतो. तरीही आमचा विद्यार्थी अजून डब्याचे झाकण पुरते उघडीत नाही. अर्ध्यावर हात ठेवूनच जेवतो. हसण्यास एक क्षण पुरला; ते पुसण्यास वर्ष लोटले तरी पुरत नाही. हे आपण सर्वांनी, आणि शिक्षकांनी विशेषेकरून, लक्षात ठेवावे.

कुणकेश्वराच्या वाळूवर सकाळी रापण ओढली जाते, तेव्हा दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकास मासळीचा वाटा मिळतो. ते पाहताना मला योहानाच्या शेवटच्या अध्यायाची आठवण होते. शिष्य रात्रभर सरोवरावर राबून रिकाम्या हातांनी परतत होते. संकटकाळी ज्यांनी प्रभूला सोडले होते तेच हे. किनाऱ्यावर पुनरुत्थित प्रभू त्यांची वाट पाहत होता. त्याने दोष काढण्यास आरंभ केला नाही. त्याने कोळशांचा विस्तव पेटविला होता, त्यावर मासळी ठेविली होती व जवळ भाकर होती. प्रथम त्याने त्यांना जेवू घातले. बोलणे मागाहून केले.

आपल्या किनाऱ्यावर निरनिराळ्या श्रद्धांची माणसे राहतात. भूक मात्र सर्वांची एकच आहे. तेव्हा मित्रहो, उद्या मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी एकदा आजूबाजूला पाहा. कोणाच्या डब्याचे झाकण अर्धेच उघडलेले असेल, तर आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा. देवबाप आपणां सर्वांना निरोगी शरीर व कोवळे अंतःकरण देवो.