नवी गाडी आणि कोशाचे दांडे

कराराचा कोश यरुशलेमेस आणावा ही दावीद राजाची इच्छा उत्तम होती, याविषयी शंका नाही. शौलाच्या दिवसांत त्या कोशाची कोणी विचारपूस केली नव्हती. तो किर्याथ-यारीम येथे अबीनादाबाच्या घरी राहिला होता. दावीदाने निवडक ३०,००० माणसे जमविली, सरदारांचा विचार घेतला, आणि ती गोष्ट सर्व लोकांस बरी वाटली. वीणा, डफ, झांजा वाजत होत्या. कोशासाठी नवी कोरी गाडी केली होती. मग खळ्यापाशी बैल अडखळले, उज्जाने हात लांब करून कोश धरला, आणि तो तेथेच मरण पावला.

हा वृत्तांत वाचताना आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ जण थांबतात, व ते योग्यच आहे. ज्याने गाडी हाकली आहे त्यास ठाऊक आहे की, बैल ठेचाळला असता माणसाचा हात आपोआप ओझ्याकडे जातो. दावीदासही प्रथम राग आला, मग भय वाटले, आणि त्याने कोश ओबेद-अदोम गित्ती याच्या घरी ठेवून दिला. राजास जे इतके जड गेले ते तुम्ही सहज मान्य करावे, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु ही चूक खळ्यावर झाली असे समजू नये. गाडी बांधली त्या दिवशीच ती झाली होती. मोशेच्या काळी सरदारांनी निवासमंडपाच्या सेवेसाठी ६ गाड्या व १२ बैल अर्पिले. त्यांतील २ गाड्या गेर्षोनाच्या वंशास व ४ मरारीच्या वंशास मिळाल्या, कारण पडदे, फळ्या, खांब यांचे ओझे त्यांच्याकडे होते. कहाथाच्या वंशास एकही मिळाली नाही. पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरच वाहावयाच्या होत्या, व त्यांस स्पर्श केल्यास मरण, हेही स्पष्ट सांगितले होते. म्हणून तर बाभळीच्या लाकडाच्या त्या कोशास सोन्याच्या ४ कड्या होत्या, व त्यांत घातलेले दांडे कधीही काढावयाचे नव्हते. दांडे असता गाडी कशाला?

गाडीची कल्पना कोठून आली हे शास्त्र सांगत नाही; पण कोश गाडीवर घालणारे पहिले लोक पलिष्टी होते. त्यांनी नव्या गाडीस दोन दुभत्या गाई जुंपून तो परत पाठविला, व गाई हंबरत नीट बेथ-शेमेशास गेल्या. पलिष्ट्यांवर त्या गाडीमुळे कोप झाला नाही, कारण त्यांस नियमशास्त्र दिलेले नव्हते. इस्राएलास दिले होते. राजाने तर त्याची प्रत स्वतः लिहून जन्मभर वाचावी अशी आज्ञा होती. दावीदाने सर्वांस विचारले, त्या पुस्तकास मात्र विचारले नाही.

येथे आम्ही आपलाही दोष कबूल करतो. एकदा प्रभुभोजनापूर्वी, मंडळीतील दोघा भावांचे शेताच्या बांधावरून भांडण आहे हे आम्हांस ठाऊक होते. मंडप घातलेला, पाहुणे आलेले, भजनाची तयारी झालेली. समेटाचे पुढे पाहू, असे वडील म्हणाले, व आम्हीही मान डोलाविली. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा ही प्रभूची शिकवण आम्हांस त्या दिवशीही तोंडपाठ होती. ते भांडण पुढे दोन वर्षे चालले.

तीन महिन्यांनी दावीद पुन्हा निघाला. या वेळी त्याने लेव्यांस बोलाविले. कहाथ वंशाचा उरियेल व त्याचे १२० भाऊबंद आले. पहिल्या खेपेस आपण विधीप्रमाणे देवाचा शोध केला नाही, हे राजाने त्यांच्यापुढे बोलून दाखविले. (अधिकारी माणसाने आपली चूक चारचौघांत सांगावी, ही लहान गोष्ट नव्हे.) वाद्ये या वेळीही होती, आणि दावीद सर्व बळाने नाचला, तेव्हा उत्सवाच्या आनंदास देवाची हरकत नव्हती हे उघड आहे. लेव्यांनी दांडे खांद्यावर घेतले. ते सहा पावले चालले, तोच राजाने बैल व पुष्ट वासरू यांचा यज्ञ केला.

शिक्षकांनी हा धडा घेताना गणनेचा ७ वा अध्याय आधी वाचावा व मगच २ शमुवेलाचा ६ वा. उलट क्रमाने वाचल्यास वर्ग उज्जाच्या मृत्यूपाशीच अडकून बसतो, असा आमचा अनुभव आहे.