मौन म्हणजे यश नव्हे

ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं रचलेली 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा गणित चालू असतांनाच संगणकाच्या कार्यप्रणालीसही आज्ञा देऊं शकते. त्यासाठीं 'सिस्टिम' हें फलन योजितात. आज्ञेचें उत्तर व चुकीचे संदेश पडद्यावर उमटूं नयेत, म्हणून 'इग्नोर.एसटीडीआउट' व 'इग्नोर.एसटीडीईआरआर' हे पर्याय 'ट्रू' ठेवावे. मग काम मुकाट्यानें होतें.

परंतु आज्ञा फसली तरी पडदा बहुधा शांतच राहतो! समजा, नवे आंकडे आणण्याची आज्ञा फसली, तर जुन्याच आंकड्यांची सरासरी निघेल व कोणास कळणारही नाहीं. म्हणून फलनानें परत दिलेला अंक साठवून पाहावा; तो आपणहून दिसत नाहीं. 0 म्हणजे यश. 127 म्हणजे आज्ञा चाललीच नाहीं. तो पाहिल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये.