दोघांच्या घराची आखणी

मुले शहरात गेल्यावर पुष्कळ गावांत वृद्ध पती-पत्नी दोघेच मागे राहतात. त्यांचे घर बैठे असावे. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, ठरविले. दोघांना तेवढे पुरते.

भिंतींची जाडी सोडून १९ × १४ फुटांचा आयत घ्यावा. लांब भिंती उत्तरेस व दक्षिणेस ठेवाव्यात. उन्हाळ्यात दुपारचे कलते ऊन मग मुख्यतः आखूड भिंतीवर येते. दक्षिणेच्या १० फुटांत पश्चिमेस १२ फुटांची खोली, पूर्वेस ७ फुटांचे स्वयंपाकघर. पावसाळी वारा बहुधा पश्चिमेचा असल्याने धूर खोलीत शिरत नाही. उत्तरेच्या ४ फुटांत खोलीपुढे पडवी व शेजारी शौचकूपासह न्हाणी; तिचे दार पडवीत असावे.

पाया खणण्यापूर्वी हे सर्व जमिनीवर फक्कीने आखून त्यात खाट प्रत्यक्ष टाकावी. चुलीपाशी बसलेल्यास खाटेवरील आजारी माणूस दिसते काय, हे पाहूनच मधल्या दाराची जागा ठरवावी. गवंड्यापेक्षा येथे घरच्या बाईस विचारणे बरे. खाटेपासून न्हाणीपर्यंत उंबरा नसावा. पाणी अडविण्यास न्हाणीच्या जमिनीचा ढाळ पुरे.