रोजीचा हिशेब आणि घराचा हक्क

धंद्यात आपण मालाचा, मजुरीचा, भाड्याचा हिशेब ठेवतो. जाण्यायेण्याच्या वेळेचा मात्र ठेवत नाही. समजा, घर लोणावळ्याच्या डोंगरात आहे आणि मुलगा चाकणच्या कारखान्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोणावळा लोकल १९७८ पासून धावते, पण चाकणला रेल्वे नाही. तळेगावला उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते. एका बाजूचे २ तास धरले, तरी ५ दिवसांत २० तास गेले. आठवड्यातून २ दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली, तर त्यातले ८ तास वाचतात. म्हणून नोकरी धरताना पगाराबरोबर ही मुभाही लेखी ठरवून घ्यावी. कारागिराला लेथ घरी नेता येत नाही. पण दरपत्रके, बिले, ड्रॉइंग तपासणे ही कामे एक दिवस राखून घरी करता येतात.

मात्र घरून काम म्हणजे रात्रंदिवस काम नव्हे. काम संपविण्याची वेळ ठरवावी आणि ती पाळावी. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दर्दा (रजि.) यांना घरच्यांच्या हक्काची आठवण करून दिली होती आणि प्रेषितांनी (स.) ते म्हणणे खरे ठरविले. हा हक्क थकवून पैसा वाढेल, बरकत नाही.